उजव्या मागच्या चाकापुढचा जोड

मार्गारीच्या खोऱ्यात लॉकी गिलिसच्या हाताखालून गेलेली गाडी ओळखायची तर वाकून तिच्या पोटाखाली बघायचं. त्याने आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ असे, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या नळीवर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. गाव त्याची चेष्टा करायचं. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी हटकून म्हणे, "काय लॉकी, सेडीच्या लग्नाच्या अंगठीवर पण मारलीस का रे रेघ? सैल व्हायची नाहीतर." लॉकी हसायचा. चोख माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं. चेटिकॅम्पपासून इनव्हरनेसपर्यंतचे लोक ब्रेकचं काम त्याच्याकडेच आणत. ही सवय त्याला कधी लागली, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला तारीख सांगता आली असती.

ते सत्त्याण्णव साल होतं. ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा. लॉकी तेव्हा अडतीस वर्षांचा होता. नदीवरच्या पुलाजवळ त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि त्या दिवशी लिफ्टवर डॉक्टर ह्यू मॅक्लेलनची गाडी चढवलेली होती. गडद हिरवी, दोन दारांची, जुनी जर्मन स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन मागे, आणि ते थंड ठेवायला पाणी नाही, नुसती हवा आणि तेल. इंजिनातलं तेल लांब नळ्यांतून गाडीच्या उजव्या कडेने पार पुढे जायचं, पुढच्या चाकामागे बसवलेल्या कूलरमधून थंड होऊन परत यायचं. उजव्या मागच्या चाकाच्या ऐन पुढ्यात अ‍ॅल्युमिनियमचं एक डबडं होतं. नळ्यांचे चार जोड तिथे एकत्र यायचे. तेल पुरतं तापल्याशिवाय ते डबडं पुढची वाट उघडत नसे. गावातल्या गावात फिरलं तर पुढच्या नळ्यांत तेल जायचंच नाही. डोंगर चढायला लागलं की मग जायचं.

त्या दिवशी लॉकीने झिरपणारी एक नळी बदलली. नव्या नळीचा शेवटचा जोड हाताने फिरवून बसवला, आणि पाना उचलणार तोच फोन वाजला. त्याचा बाप गोठ्यातल्या शिडीवरून पडला होता. लॉकी तसाच धावला. बापाला घेऊन इनव्हरनेसच्या हॉस्पिटलात गेला, खुब्याचं हाड मोडलंय हे ऐकलं, आणि चार वाजता परत आला. लिफ्ट खाली घेऊन वळला तर दारात डॉक्टर उभे.

"झाली का रे माझी राणी?"

"झाली," लॉकी म्हणाला.

डॉक्टरांनी आधी बापाची चौकशी केली, मग हॉस्पिटलात स्वतः फोन लावून बोलले, आणि मग गाडी घेऊन गेले. 'झाली' म्हणाल्यानंतरचं सगळं लॉकीला लख्ख आठवायचं. त्याच्या आधी मात्र एक भोक होतं. हॉस्पिटलातून आल्यावर लिफ्ट खाली घेण्याआधी त्याने पाना लावला होता की नव्हता? कधी आठवायचं की लावला, हाताला तो शेवटचा ताण सुद्धा जाणवायचा. पण असे हजार नट त्याने आवळले होते. तो ताण यातल्या कुठल्या नटाचा, हे हात सांगत नव्हता.

सोमवारी दुपारी धुकं होतं आणि बारीक पाऊस. प्लेझंट बे गावात एका बाईला पोटात दुखायला लागलं म्हणून डॉक्टर सणाचं जेवण सोडून निघाले. फ्रेंच माउंटनच्या चढावर, डाव्या हाताच्या एका वळणावर गाडी गरकन फिरली आणि रस्त्याखालच्या झाडांत गेली. स्प्रूसचं एक झाड नेमकं त्यांच्या दारावर आलं. गाडीचं बाकी फारसं काही बिघडलं नव्हतं. पोलिसांनी धुकं, ओला रस्ता आणि वेग असं लिहून घेतलं.

गाडी वर ओढून काढायला त्या भागात एकच माणूस होता.

लॉकी ट्रक घेऊन गेला. साखळी बांधताना त्याने पाहिलं, उजव्या मागच्या चाकाच्या आतला पत्रा काळा, ओला होता. सैल जोडातून चाकावर उडालेलं तेल असेल, किंवा चिखल. दगडावर आपटून काही फुटलंही असेल. गुडघे टेकवून एक हात आत घातला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं. जोड सैल असता तर बोटांनी फिरला असता. लॉकीने गुडघे टेकवले नाहीत. त्याने साखळी ताणली, गाडी वर घेतली आणि डॉक्टरांच्या बेल कोटच्या घरी नेली. डॉक्टरांची बायको अ‍ॅना मे पायरीवर उभी होती. "कोठारात ठेव आणि दार लावून घे," एवढंच ती म्हणाली. त्याने दार लावलं. ते सव्वीस वर्षं उघडलं नाही.

*

आवाज पहिल्यांदा आला तो त्याच हिवाळ्याच्या तोंडावर.

त्या गाडीचा आवाज इतर कुठल्या गाडीसारखा नव्हता. खडखडता, कोरडा, शिवणयंत्रासारखा. धुकं खाली उतरलं होतं, लॉकी अंगणात लाकडं फोडत होता. टेकडीवरून तो आवाज खाली येऊ लागला. वळणावर हळू झाला, दुसरा गिअर पडला, पुन्हा वाढला. पुलापाशी आला आणि थांबला. इंजिन बंद केल्यासारखा नव्हे. कुणी मध्येच कापल्यासारखा. लॉकी कुऱ्हाड घेऊन पुलापर्यंत चालत गेला. तिथे काही नव्हतं.

त्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांना अशा गोष्टींचं नवल नसे. मरणाआधी चाहूल लागते, खाडीवर दिवा दिसतो, सुताराच्या दुकानात फळ्या आपोआप वाजतात, हे तिथे चहा पिताना बोलायचं बोलणं. पण चाहूल आधी लागते. ही नंतर लागत होती, आणि वर्षातून तीनचारदा, धुकं असलं की. लॉकीने कुणाला सांगितलं नाही. एकदाच, तो आणि सेडी ओसरीवर बसलेले असताना आवाज उतरू लागला, तेव्हा सेडीने विणकाम थांबवलं आणि मान वर केली.

"ऐकलंस?" लॉकीने विचारलं.

"ट्रक असेल," सेडी म्हणाली, आणि टाके मोजायला लागली. मोजताना तिचं दोनदा चुकलं. तो विषय त्यांनी परत काढला नाही.

पिवळी रेघ त्याच हिवाळ्यात सुरू झाली. आणि आणखी एक गोष्ट सुरू झाली. बर्फ पडला की लॉकी ट्रकला पुढे फाळ लावून सगळ्यात आधी बेल कोटला जायचा, अ‍ॅना मेच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढायचा आणि मग बाकीच्या घरांना जायचा. तिने कधी बोलावलं नव्हतं. ती काचेवर टकटक करून चहाचा पेला दाखवायची. तो दारातच उभं राहून चहा प्यायचा. आत कधी गेला नाही. ती बोलायची ते हवेबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल, पुढे मुलीच्या नोकरीबद्दल. मधेच थांबून त्याच्याकडे बघत राहायची, जणू आता त्याची पाळी आहे. लॉकी पेला परत द्यायचा आणि निघायचा.

असे सव्वीस हिवाळे गेले. फेब्रुवारीत अ‍ॅना मे झोपेत गेली. तिला दफनभूमीत नेलं त्या दिवशीही रस्ता लॉकीनेच मोकळा केला.

*

मे महिन्यात मार्सेला गॅरेजच्या दारात उभी राहिली. डॉक्टर गेले तेव्हा ही बारा वर्षांची होती. आता हॅलिफॅक्सच्या बंदरात क्रेन चालवत होती, चांगली रुंद खांद्यांची, बापासारखे जाड केस. तिच्यामागे ट्रेलरवर ती हिरवी गाडी होती. डावं दार नवं दिसत होतं.

"इकडच्या सिडनीच्या पत्रेवाल्याकडून सरळ करून घेतली," ती म्हणाली. "इंजिन फिरतंय. पण तेलाच्या नळ्यांना तो हात लावायला तयार नाही. म्हणाला, गंजून एकजीव झाल्यात, हे काम मार्गारीच्या त्या पिवळ्या रेघवाल्याकडे न्या."

"माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत गं."

"तुम्ही काल टेरी लेब्लांच्या बोटीचं इंजिन उतरवलंत. मला त्यानेच सांगितलं."

"ते मोठं असतं. दिसतं."

ती हसली नाही. "लॉकी, बाबांच्या वेळी या गाडीला हात लावणारा माणूस तुम्हीच. दुसऱ्या कुणाकडे न्यायची म्हणजे मला बरं वाटत नाही."

लॉकीने नाही म्हटलं. नीट, दोनदा. संध्याकाळी जेवताना सेडीने ताटात माशाच्या टिक्क्या वाढल्या आणि खिडकीबाहेर बघितलं.

"नाही म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग अंगणात ती गाडी काय पाहुणी आलीय?"

लॉकीने ताटातली टिक्की मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि सव्वीस वर्षांपूर्वी जे केलं नव्हतं ते केलं. दिवा घेऊन उजव्या मागच्या चाकापुढे डोकं घातलं. डबडं जागेवर होतं. चारही नट पांढऱ्या-हिरव्या पुटाखाली बुडाले होते. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी ठेवून वर समुद्राची खारी हवा सोडली की असंच होतं, दोन्ही एकमेकांत रुजतात. त्याने त्या शेवटच्या जोडावर पाना ठेवला आणि हलका जोर दिला. नट हलला नाही. अंगाचं वजन टाकलं. दगड.

क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. घट्ट आहे, घट्टच होता. मग कारागीर जागा झाला आणि त्याला कळलं की याला काही अर्थ नाही. हाताने नुसता बसवलेला नटही एवढ्या वर्षांत असाच जाम होतो. गंज सगळ्यांना सारखंच आवळतो.

पण वाचायची एक जागा होती. आत नळीचं टोक शंकूसारखं असतं. पाना लावून आवळलं की त्या शंकूवर एक चकचकीत कडं उमटतं, नखाला लागेल असं. नुसतं हाताने बसवलं तर उमटत नाही. आणि आत तेल असल्यामुळे गंज तिथवर पोचत नाही. म्हणजे तो जोड नीट उघडला तर सत्त्याण्णव सालचा शुक्रवार त्यात जसाच्या तसा असणार होता.

त्याने तो जोड शेवटी ठेवला.

पहिले दोन दिवस बाकीच्या तिघांशी झटापटीत गेले. एका पान्याने डबड्याकडची बाजू धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर नळीच पिळली जाते. गंज सोडवणारं तेल पाजायचं, ज्योतीने तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा पाजायचं. नटावर हातोडीने गोल गोल ठोकायचं, रागाने नाही, दार वाजवल्यासारखं. पहिला नट पहिल्या दिवशी दुपारी करकरला आणि सुटला. दुसऱ्याने दुसऱ्या दिवशीची दुपार खाल्ली. तिसरा काही केल्या ऐकेना, तेव्हा लॉकीने बारीक चकतीने नटाला उभी चीर पाडली, आटे लागायच्या आत थांबला, चिरेत छिन्नी ठेवून एक टोला दिला. नट शेंगेसारखा उघडला. तिन्ही नळ्यांची टोकं त्याने फडक्याने पुसून दिव्याखाली धरली. तिन्हींवर कडं होतं. चकचकीत, पूर्ण गोल.

तिसऱ्या दिवशी खाडीवरून धुकं आलं.

लॉकीने चौथा जोड तापवायला घेतला. तेल पाजून झालं होतं, नटाला अर्धी चीर पाडून झाली होती, थोडी ऊब दिली की छिन्नी. अ‍ॅल्युमिनियमशी जपून वागावं लागतं हे त्याला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. पोलाद लाल होऊन इशारा देतं, हे काहीच सांगत नाही. जसं होतं तसं दिसत राहतं आणि एकाएकी बसतं. म्हणून ज्योत सतत फिरती ठेवायची, मनात आकडे मोजायचे. तो मोजत होता. सहा, सात.

टेकडीवरून आवाज उतरू लागला.

खडखडता, कोरडा. वळणावर हळू झाला. दुसरा गिअर. लॉकीने वर बघितलं. गाडी त्याच्या डोक्यावर होती, लिफ्टवर, तिच्या पोटातून नळ्या काढलेल्या, तेलाचा थेंब नाही. आवाज पुलापाशी आला. लॉकी तो कापला जाण्याची वाट बघत राहिला. आज तो कापला गेला नाही. पूल ओलांडून अलीकडे आला, खडीवर चाकं वाजली, आणि दाराच्या पलीकडे येऊन इंजिन संथ चालत राहिलं, बाहेर कुणी वाट बघत असल्यासारखं.

मग शांतता झाली. आणि त्या शांततेत हातापाशी एक मऊ, ओला आवाज आला.

लॉकीने ज्योत झटकन मागे घेतली, पण उशीर झाला होता. डबड्याचं तोंड मेणासारखं ढासळलं होतं. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम नटाच्या चिरेतून आत गेलं होतं आणि नळीच्या टोकाभोवती थिजत होतं. निवल्यावर त्याने ते सगळं कापून काढलं, टोक फडक्याने पुसलं, दिव्याखाली धरलं. शंकू नव्हताच. करपलेला, खड्डे पडलेला एक गोळा होता. त्यावर कडं होतं की नव्हतं, हे आता देवालासुद्धा वाचता आलं नसतं.

तो दार उघडून बाहेर गेला. अंगण ओलं, रिकामं. खडीवर चाकांची खूण नव्हती.

लॉकी दारातच बसला. त्याला भीती त्या आवाजाची वाटत नव्हती. चाळीस वर्षांत त्याने असा एकही जोड जाळला नव्हता. आवाज ऐकताना त्याचा हात थांबला होता, की हाताने थांबायचं आधीच ठरवलं होतं आणि आवाज नंतर आला, हे त्याला कळत नव्हतं. एका भोकाच्या जागी आता दोन झाली होती.

*

त्याने हात धुतले आणि ट्रक घेऊन बेल कोटला गेला. मार्सेला स्वयंपाकघरात आईच्या बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. त्या घराच्या आत लॉकी पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. ती खुर्ची पुढे करत होती, पण तो उभाच राहिला, आणि फोन वाजला तिथपासून सगळं सांगितलं. ट्रक, साखळी, काळा ओला पत्रा, न टेकवलेले गुडघे. आजचं जळलेलं टोक त्याने फडक्यात गुंडाळून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. फक्त आवाजाचं सांगितलं नाही. तो पळवाट काढतोय असं वाटलं असतं.

मार्सेलाने तो गोळा उचलून उलटापालटा केला.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

लॉकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"हे सगळं नव्हे. पण म्हणायची, त्या माणसाच्या घशात काहीतरी अडकलंय. ते ज्या दिवशी बाहेर पडेल त्या दिवसापासून तो यायचा बंद होईल, आणि मग आपला बर्फ कोण काढणार? मला बजावलं होतं, काही विचारू नकोस म्हणून." तिच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. "ती स्वतःलाच दोष द्यायची. त्या दिवशी जेवण सोडून निघाले म्हणून ती त्यांना नको ते बोलली होती. रागात गाडी चालवली, असं तिचं म्हणणं. त्या मरणावर हक्क सांगणारे तुम्ही एकटेच नाही."

"मार्सेला, मी…"

"थांबा. आई तशी होती. मी तशी नाही." तिने हातातली बशी खाली ठेवली. "तुम्ही वाकून बघितलं असतंत तर?"

"तर कळलं असतं."

"तुम्हाला. आणि आम्हाला?"

लॉकीने विचार केला. या प्रश्नाचं उत्तर देणं त्याला टाळता आलं असतं. "तुम्हाला सांगितलं असतं की नाही, ते मला माहीत नाही," तो म्हणाला.

"हे खरं बोललात," मार्सेला म्हणाली. "आता जा."

संध्याकाळी त्याने सेडीला सांगितलं, अगदी आवाजासकट. सेडी ऐकत असताना चहा गार झाला. ऐकून झाल्यावर ती उठली, सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"आणि मी समजत होते तुझं त्या अ‍ॅना मेशी काहीतरी आहे."

"काय?"

"बर्फ पडला की अंधारात उठून पहिला तिच्याकडे. घरात चहा घ्यायचा नाहीस, तिच्या दारात प्यायचास. सव्वीस वर्षं जळले मी त्या बिचारीवर. मेली तेव्हा मनात म्हटलं, सुटले. चर्चमध्ये कबूल करून आले ते." तिने ओल्या हातांनी तोंड पुसलं. "एक शब्द बोलला असतास, लॉकी. एवढाच."

मग ती म्हणाली, "तो ट्रक नव्हता, ते मलाही माहीत होतं."

*

तीन आठवडे मार्सेलाकडून काही आलं नाही. गाडी लिफ्टवर तशीच होती. लॉकी बाहेर अंगणात, जमिनीवर झोपून लोकांच्या गाड्या दुरुस्त करत होता. नव्या नळ्या आणि नवं डबडं खोक्यांत येऊन पडलं. धुकं दोनदा उतरलं. तो कान देऊन बसला, पण काही आलं नाही. त्यामुळे त्याला हायसं वाटलं नाही. कुणीतरी दाराशी आलं होतं आणि आपण उघडायच्या आत परत गेलं, असं वाटत राहिलं.

जूनच्या एका सकाळी मार्सेला आली. कामाचे बूट घातलेले, केस बांधलेले.

"काम पूर्ण करायचं," ती म्हणाली. "मी समोर असताना. एक पाना माझ्या हातात असेल."

"माफ केलंस असं समजायचं नाही ना?"

"नका समजू. सांगेन तेव्हा सांगेन. कुठला पाना धरायचा?"

दिवसभर ती दोघं गाडीखाली उभी होती. कूलर बसवला, लांब नळ्या कडेने पुढे नेल्या, पट्ट्यांत धरल्या. आट्यांना लॉकीने तांब्याचं वंगण लावलं, म्हणजे पुढच्या कुणाला असं भांडावं लागू नये. शेवटी डबड्याचे चार जोड आले. मार्सेला खालचा पाना घट्ट धरायची, लॉकी वरचा फिरवायचा. क्रेनवर बसून टनांनी वजन उचलणारी बाई, तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. प्रत्येक नट आवळून झाला की लॉकी पाना काढायचा आणि ती स्वतःचा लावून तपासायची. चौथ्याला तिने तीनदा तपासलं. लॉकी बाजूला उभा राहिला. त्या नटाबद्दल तिला जे काही करायचं असेल ते करायचा तिला हक्क होता.

तेल भरलं. इंजिन चालू केलं. तो खडखडता आवाज पत्र्याच्या छताखाली भरून गेला, आणि लॉकीने वळून पुलाकडे बघितलं. मार्सेलाने काचेतून ते बघितलं. तिने दार उघडलं.

"बसा. डोंगर चढल्याशिवाय नळ्यांत तेल जात नाही, तुम्हीच सांगितलंत ना?"

चेटिकॅम्प मागे पडलं, चढ लागला. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली समुद्र, ऊन स्वच्छ. काट्याने तेल तापल्याचं दाखवलं, आणि मग काटा थोडा मागे सरकून स्थिर झाला. म्हणजे वाट उघडली होती, तेल पुढे निघालं होतं. ते वळण आलं. मार्सेलाने वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. लॉकीने दाराची मूठ धरली. झाडं गेली. त्यातलं कुठलं झाड ते त्याला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं, आणि तिने विचारलं नाही.

माथ्यावर तिने गाडी कडेला घेतली. लॉकी उतरला, सांधे कुरकुरत असताना गुडघे टेकवले, हात आत घालून चारही जोडांखालून बोटं फिरवली. बोटं कोरडी होती. ती त्याने तिला दाखवली. तिने मान डोलावली. त्याच्याजवळ बसून स्वतःचीही बोटं फिरवली आणि बघितली.

सेडीने डब्यात ओटच्या जाड चकत्या आणि थर्मासमध्ये चहा दिला होता. दोघं कठड्यावर बसली. वाऱ्यात गरम पत्र्याचा आणि तेलाचा वास येत होता. तो वास लॉकीला आता कधीच सोडणार नव्हता, याची त्याला खात्री होती, आणि तिलाही कदाचित.

"मी बारा वर्षांची होते," मार्सेला म्हणाली. "मला त्यांचे हात आठवतात आणि खोकला आठवतो. बाकी सगळं आईने सांगितलेलं. तिने सांगून सांगून त्यांना संत करून टाकलं." तिने चकतीचा तुकडा मोडला. "तुमच्याकडे यायचे तेव्हा कसे असायचे?"

लॉकीने समुद्राकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याने त्या माणसाचं नावसुद्धा मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"खोटारडे होते," तो शेवटी म्हणाला. "ट्राउट मासा पकडला की एवढा, आणि माझ्याकडे येईपर्यंत एवढा. आणि गिअर टाकायला त्यांना आयुष्यात जमलं नाही. मी ओरडायचो त्यांच्यावर. एकदा तर गाडीची किल्ली काढून घेतली होती, दोन दिवस दिली नाही."

"बाबांची किल्ली?"

"मग काय. रडकुंडीला आले होते. दोन दिवस सायकलवर पेशंट बघत फिरले, आणि मार्गारी हार्बरच्या उतारावर…"

"पडले?"

"ऐक तर आधी," लॉकी म्हणाला, आणि तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला.